हरकतीला सातबारा लागत नाही

‘आपल्या नावावर सातबारा नाही, मग आपण कसली हरकत घेणार?’ नाशिकमध्ये गोदेच्या आणि नासर्डीच्या काठच्या वस्त्यांमध्ये शहराच्या विकास आराखड्याबद्दल हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. बोलणाऱ्यांची नाही, हा समज त्यांच्या डोक्यात भरवणाऱ्यांची.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 उघडून बघा. कलम 26 प्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. त्या कोणी द्यायच्या? कलम 28 म्हणतं, कोणत्याही व्यक्तीने. जमीनमालकीची अट तिथे नाही. भाडेकरू हरकत घेऊ शकतो, झोपडीत राहून चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा घेऊ शकते. मुदतीत लेखी हरकत दिली की नियोजन समितीला सुनावणी द्यावीच लागते. त्या समितीत स्थायी समितीचे 3 सदस्य असतात आणि नगररचना किंवा पर्यावरण जाणणारे जास्तीत जास्त 4 जण.

हरकतींनी काही होत नाही, असंही म्हणू नका. 2013 मध्ये नाशिकचा प्रारूप आराखडा जमिनींवरच्या आरक्षणांवरून शेतकऱ्यांनी केलेल्या विरोधानंतर बाजूला पडला. मग नव्याने काम झालं आणि 2017 मध्ये आराखडा मंजूर झाला. शेतकऱ्यांना आपली जमीन नकाशावर कुठे आहे हे ठाऊक होतं. वस्तीतल्या लोकांनाही आपली वस्ती ठाऊक असते, पण ती कागदावर उतरत नाही. सप्टेंबर 2008 च्या पुरात पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं, नाला कुठे तुंबतो, कंपनीचं सांडपाणी कुठून येतं, पोरं कुठे खेळतात, हे सगळं पुरावा म्हणून मांडता येतं. पूरनियंत्रण आणि नदीप्रदूषण रोखणं हे आराखड्याचेच विषय आहेत, कलम 22 मध्ये लिहिलेले. पुणे आणि सांगलीत ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने रहिवाशांना सोबत घेऊन झोपडपट्ट्यांचे घर-घर नकाशे केले. नाशिकमध्ये ते जमणार नाही, असं कोणी का समजावं?

‘पक्कं घर दिलं, आता आणखी काय हवं?’ हा दुसरा समज. मुंबईत माहुलला लोकांना पक्की घरंच दिली होती, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथली हवा आरोग्याला धोक्याची असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये नोंदवलं. 2019 मध्ये उच्च न्यायालयाला तिथल्या रहिवाशांसाठी पर्यायी घर किंवा महिना 15,000 रुपये भाडं, असा आदेश द्यावा लागला. याउलट पुण्यात येरवड्याला ‘महिला मिलन’ या संघटनेच्या बायकांनी वास्तुरचनाकारांसोबत बसून घरं ठरवली आणि लोक आहे त्याच जागी राहिले.

‘आरक्षण पडलं म्हणजे बाग झालीच.’ नाही. जमीन वेळेत ताब्यात घेतली नाही, तर कलम 127 खाली आरक्षण व्यपगत होऊ शकतं, म्हणजे संपू शकतं.

‘मंजुरी मिळाली, आता काही बदलत नाही.’ बदलतं. कलम 37 खाली फेरबदल होतात, आणि त्यांची सूचना निघाली की तेव्हाही हरकत घेता येते. म्हणून महापालिकेच्या जाहीर सूचनांवर वस्तीतल्या कोणाची तरी कायम नजर हवी.

अर्ज साधा असतो. आपला पत्ता, जागेचा सर्व्हे नंबर, आराखड्यातला आरक्षण क्रमांक, काय चुकलंय आणि काय हवंय. सोबत वस्तीचा हाताने काढलेला नकाशा आणि फोटो जोडा. दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.