खडू, फळा आणि पडदा
(द्वितीय वर्ष कला)

शिक्षणात नवे साधन आले की दोन सूर हमखास ऐकू येतात. 'आता शिक्षकाची गरजच उरणार नाही' हा एक, आणि 'असल्या यंत्रांनी कुठे शिक्षण होते का?' हा दुसरा. रेडिओ आला तेव्हा हे झाले, दूरदर्शन आले तेव्हा झाले, आणि आज वर्गात मोठा पडदा, टॅब्लेट व मोबाइल आले आहेत तेव्हाही तेच चालू आहे. ज्याच्या हातात साधन द्यायचे त्या शिक्षकाला काय हवे, हे मात्र दोन्ही बाजूंचे लोक विचारीत नाहीत. शिक्षकाला नवे साधन वापरण्यासाठी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अधिक चांगले शिकवण्यासाठी, मदत करायची ती कशी? प्रस्तुत लेखात एवढाच प्रश्न घेतला आहे.

हा प्रश्न मला जवळचा आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझा धाकटा भाऊ पाड्यावरच्या शाळेत चौथीत शिकतो. चार वर्ग आणि दोन शिक्षक. शाळेला मोठा टीव्ही मिळाला आहे; पण बहुतेक दिवस तो चादरीखाली झाकलेला असतो. गुरुजी आळशी आहेत असे कोणी म्हणू नये. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली ज्या आपल्या तालुक्यात सुरू झाले, तिथल्याच पाड्यावर भरदुपारी वीज जाते. शिवाय टीव्ही डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला! मुलांचा हात लागून बिघडला तर उत्तर द्यायचे कोणी? आणि प्रशिक्षण म्हणाल, तर एका मोठ्या सभागृहात शंभर जणांनी बसून ऐकलेली व्याख्याने, एवढेच.

ही गोष्ट एका शाळेची नाही आणि आजचीही नाही. १९८७ साली केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी 'खडू-फळा मोहीम' सुरू केली. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि नकाशे, तक्ते, विज्ञानाची पेटी असे साहित्य द्यावे, अशी ती योजना. हेतू उत्तमच होता. कॅरोलाइन डायर या अभ्यासिकेने गुजरातमधील शाळांत या योजनेचे पुढे काय झाले ते पाहिले. साहित्य वरून ठरले आणि वरूनच आले. शिक्षकांच्या रोजच्या शिकवण्यात त्याला जागा कशी करायची, याचा विचार मागे पडला. दूर दक्षिण अमेरिकेतही तसेच घडले. पेरू देशाने मुलांना लाखो लहान संगणक वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गणित व भाषा या विषयांत त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक झाल्याचे आढळले नाही. याचा अर्थ संगणक वाईट असा नव्हे. वस्तू पोहोचली, पण शिकवण्याची रीत होती तशीच राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

मग रीत बदलते कशी? याचे उत्तर शोधायला आपल्याला फार दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले व पुढे ते कोसबाडला नेले. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग असत. ताराबाईंनी पद्धतीचे तत्त्व घेतले आणि साधने मात्र शंख-शिंपले, बिया, पाने, पिसे अशी परिसरातून उचलली. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेल्या 'अंगणवाडी' या शब्दामागे ही कल्पना आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. बालसेविकांना शिकवण्याची सोयही तिथेच झाली, म्हणजे शिकवायचे कसे हे त्यांना मुलांच्या सान्निध्यात राहून शिकता आले. सेविकेपुढे मूल होते, हातात साधन होते, आणि चुकले तर सांगणारे माणूस शेजारी होते. साधन आजचे असो की कालचे, या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे शिक्षक घडतो.

हीच गोष्ट अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शास्त्रीय रीतीने मांडली. शिक्षक-प्रशिक्षणाचे त्यांनी पाच भाग सांगितले : तत्त्व समजावणे, प्रात्यक्षिक दाखवणे, सराव करवून घेणे, सरावानंतर काय साधले व काय राहिले ते सांगणे, आणि प्रत्यक्ष वर्गात सोबत करणे. पहिल्या दोन भागांनी माहिती मिळते; पण शिकलेले वर्गात उतरायला शेवटची सोबत फार मोलाची ठरते. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणे पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच चहापाण्याला थांबतात!

बोईसरच्या माणसाला हे नवीन वाटू नये. माझे वडील तारापूर एमआयडीसीत कामाला आहेत. ते सांगतात, कंपनीत नवे मशीन आले की ते बसवणारा माणूस चालू करून लगेच निघून जात नाही. तो काही दिवस थांबतो, ऑपरेटरच्या शेजारी उभा राहतो, ट्रायल घेतो, आणि ऑपरेटरचा हात बसला की मग जातो. यंत्रासाठी जी काळजी कारखान्यात घेतली जाते, ती शाळेत का घेतली जाऊ नये?

आता साधनाचा चांगला वापर म्हणजे नेमके काय, ते एका उदाहरणाने पाहू. भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ असतो. शिक्षकाने पडद्यावर दहा मिनिटांची चित्रफीत लावली, मुलांनी ती पाहिली, पाठ संपला. हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार असा : सातपाटी किंवा तारापूर-चिंचणीच्या वर्गात शिक्षक आधी विचारतात, "काल पाणी किती वाजता भरले? आणि आज?" कोळ्यांची मुले पटकन सांगतील की भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आणि भांगाची भरती अष्टमीच्या सुमारास, हेही त्यांना घरातूनच ठाऊक असते. मग शिक्षक विचारतात, "असे का होत असेल?" मुले अंदाज बांधतात. त्यानंतर पडदा उघडतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना दिसतो. शिक्षक मध्येच चित्र थांबवतात आणि 'आता आपली सातपाटी कुठे?' असे विचारतात. रोज सुमारे पन्नास मिनिटांचा फरक कुठून येतो, ते मुलांच्या डोळ्यांपुढे उलगडते. चित्रफीत तीच, टीव्हीही तोच. पण एका वर्गात मुलांनी पाहिले आणि दुसऱ्या वर्गात मुलांनी विचार केला. चित्र कधी थांबवायचे हे यंत्राला कळत नाही, ते शिक्षकालाच कळावे लागते, आणि ते सरावाने कळते.

दुसरा मुद्दा भाषेचा. पडद्यावरची मराठी ही पुस्तकी मराठी असते. पाड्यावर घरी वारली बोलली जाते. बोईसरच्या वस्त्यांत परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले घरी हिंदी, भोजपुरी किंवा ओडिया बोलतात. चित्रफितीतला आवाज या मुलांसाठी थांबत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पुस्तकातल्या क्यूआर कोडची चर्चा सर्वत्र झाली. परंतु मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने आधी त्यांनी ती भाषा शिकून घेतली, ही गोष्ट तितकी बोलली गेली नाही. मला तर कोडपेक्षा तीच मोठी वाटते.

२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मी माध्यमिक शाळेत होते. मोबाइलवर शिक्षण सुरू झाले खरे. पण ज्या घरात मोबाइल एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला, तिथे शिकायचे कोणी? त्या वर्षी आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी भागात दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने ध्वनिमुद्रित पाठ लाउडस्पीकरवरून गावोगाव ऐकवले. लाउडस्पीकर ही काही नवलाईची वस्तू नव्हे. पण जागा, मुले आणि अडचण ओळखून वापरलेले साधे साधन न चालणाऱ्या भारी साधनापेक्षा शतपटीने बरे, हे त्यावरून दिसले.

मग करावे काय? माझ्या मते मोठ्या खर्चाची गरज नाही. आपल्याकडे प्रत्येक केंद्रशाळेच्या परिसरातील शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांकडे लक्ष ठेवून बसतात आणि नंतर सगळे मिळून चर्चा करतात. आपल्या परिषदेतही भाषणे कमी करून असा एक पाठ घेता येईल. ज्याला टीव्ही चालवता येतो त्या शिक्षकाने शेजारच्या शाळेत दोन दिवस सोबतीला जावे. आणि अधिकाऱ्यांनी आधी हे स्पष्ट सांगावे, की वापरताना बिघडलेल्या वस्तूसाठी शिक्षकाला दोष लागणार नाही. वापरलीच नाही तर मात्र प्रश्न विचारला जाईल. एवढ्याने कितीतरी चादरी निघतील.

यात आपणा विद्यार्थ्यांचाही वाटा आहे. आपल्यातले अनेक जण उद्या डी.एड., बी.एड. करून शिक्षक होतील. मीही त्याच वाटेने जाणार आहे. आज आपण मोबाइल सहज वापरतो म्हणून उद्या आपल्याला त्यावर शिकवताही येईल, असे समजण्याचे कारण नाही. वापरणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. आपल्या गावच्या शाळेत सुटीच्या दिवसांत जाऊन गुरुजींना विचारले, "सर, हा टीव्ही आपण मिळून लावून पाहू या का?" तर त्यांना हात मिळेल आणि आपल्याला धडा मिळेल. ज्या मुलांच्या घरी पुस्तक विकत आणण्याची ऐपत नाही, त्यांना जग दाखवणारी तेवढीच एक खिडकी असते. ती उघडायला शिक्षकाच्या शेजारी कोणीतरी उभे राहायला हवे.