बाळंतपण कोठे करावयाचे, हे आधीच ठरवा

बाळंतपण नैसर्गिक असले, तरी त्यातील धोका नेहमीच आधी कळतो असे नाही. गरोदरपणी कसलाही त्रास न झालेल्या मातेलाही वार पडल्यानंतर अतिरक्तस्राव होऊ शकतो आणि तो वेळीच न थांबल्यास काही तासांतच जिवावर बेततो. म्हणून प्रसूती रुग्णालयातच करावी. आधीची बाळंतपणे घरी सुखरूप झाली, ही पुढच्या खेपेची हमी नव्हे.

मात्र सर्वच रुग्णालयांत सर्व सोयी नसतात. तपासण्या सुरळीत झालेल्या मातेची प्रसूती 24 तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. पूर्वी सिझेरियन झाले असेल, जुळी असतील, बाळ आडवे किंवा पायाळू असेल, रक्तदाब वाढलेला असेल, हिमोग्लोबिन 7 ग्रॅमपेक्षा कमी असेल किंवा मागील खेपेस फार रक्त गेले असेल, तर जेथे शस्त्रक्रिया होते व रक्त उपलब्ध असते असेच रुग्णालय निवडावे. ते घरापासून लांब असेल, तर तारखेच्या काही दिवस आधी त्याच्या जवळपास राहावयास जाणे इष्ट. आपण कोणत्या गटात मोडता, हे तपासणीच्या वेळी स्पष्टपणे विचारा. दर महिन्याच्या 9 तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून तिचा लाभ घ्यावा.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणास माहेरी जाण्याची रीत आहे. तिला हरकत नाही; परंतु सासरी ठरविलेले रुग्णालय तेव्हा उपयोगाचे राहत नाही, ही गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते. नवव्या महिन्यात आपण जेथे असाल, तेथील रुग्णालय निवडा. पोहोचताच तेथील आशाताईंना भेटा आणि माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. रक्तगट, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या नोंदी त्यातच असतात. ऊसतोडणी, वीटभट्टी अथवा बांधकामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनीही हेच करावे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार 2011 पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य आहे. तरीही 108 किंवा 102 क्रमांकाची गाडी न आल्यास कोणाचे वाहन मिळेल, हे आधीच बोलून ठेवा. थोडी रोकड, बाळासाठी स्वच्छ धुतलेले सुती कपडे आणि रक्तदानास तयार असलेल्या दोघातिघांची नावे जवळ असावीत. घरातील कर्ता पुरुष गावी नसेल, तर निर्णय कोण घेणार, हेही ठरवून ठेवा. परवानगीची वाट पाहण्यात गेलेला वेळ रस्त्यात भरून निघत नाही.

अंगावरून रक्त जाणे, पाणमोट फुटणे, तीव्र डोकेदुखीसह अंधारी येणे, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास कळांची वाट न पाहता निघा.

प्रसूतीनंतर किमान 48 तास रुग्णालय सोडू नका. बाळाला पहिल्या तासातच अंगावर पाजा. त्यापूर्वी मध, गूळपाणी अथवा बाळघुटी देऊ नका. घरी परतण्याच्या मोफत वाहनाची विचारणा रुग्णालयातूनच करा.