भिंतीवरचा वाघ, रुळांवरचा वाघ

दिल्ली-चेन्नई मार्गावरची गाडी चंद्रपूर सोडते आणि पंधरा-वीस मिनिटांत बल्लारशाहला लागते. मध्य रेल्वेचा हा शेवटचा मोठा थांबा. इथून पुढचा मुलूख दक्षिण मध्य रेल्वेचा. चालक बदलतात, डब्यांत पाणी भरलं जातं, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या इथे निवांत थांबतात. प्रवासी पाय मोकळे करायला, चहा घ्यायला फलाटावर उतरतात आणि मोबाइल बाहेर काढतात. महाराष्ट्राच्या टोकावरचं हे स्थानक अनेक दाक्षिणात्य प्रवाशांच्या लक्षात राहिलं ते इथल्या भिंतींवरच्या वाघामुळे.

ताडोबाचं जंगल भिंतींवर उतरवायचं, ही कल्पना बल्लारशाह आणि चंद्रपूर अशा दोन्ही स्थानकांवर राबवली गेली. बल्लारशाह स्थानक ज्या बल्लारपुरात आहे तिथले आमदार आणि त्या वेळचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. रंगकाम इथल्याच कलावंतांनी केलं. आदिवासी चित्रशैलीची छाप, त्रिमितीचा आभास देणारी चित्रं आणि या सगळ्यात ठळक दिसणारा पट्टेदार वाघ. वेळापत्रकाच्या फलकाशिवाय पाहण्यासारखं काही नसलेल्या जागेत लोक रेंगाळू लागले. मे २०१८मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सजावट स्पर्धेचा निकाल लागला. मधुबनी आणि मदुराई दुसरे आले. बल्लारशाह-चंद्रपूरच्या जोडीला पहिलं पारितोषिक मिळालं, दहा लाख रुपयांचं. मधुबनीची, म्हणजे मिथिलेची, चित्रकला जगभर गाजलेली. तिला मागे टाकल्याचं कौतुक चंद्रपुरात बरेच दिवस चाललं.

चंद्रपूर जिल्ह्याची बाहेर ओळख होती ती कोळसा, औष्णिक वीज, सिमेंट आणि उन्हाळ्यातल्या तापमानाची. बल्लारपूरचं नाव कागद कारखान्यामुळे आणि सागवानामुळे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीचं सागवान इथूनच गेलं. गोंड राजांची राजधानी कधीकाळी इथे होती, वर्धा नदीकाठचा किल्ला अजून उभा आहे. पण चंद्रपूर म्हणजे वाघ हे समीकरण गेल्या दोन-तीन दशकांत पक्कं झालं.

त्याआधीही वाघ होताच. ताडोबा हे नावच तारू या गोंड देवावरून आलेलं. हा तारू गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला, असं सांगतात. ताडोबा तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे यात्रा भरते. वाघाने मारलेल्या माणसाचा देव होतो आणि त्याच परिसरातली गावं वाघालाही देव मानतात. भीती आणि भक्ती यांची इथे फारकत झालेली नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला जंगलात जाणाऱ्या बाईला वाघ चित्रात पाहायचा नसतो. तो वाटेत नसावा एवढीच तिची इच्छा असते. दर वर्षी अशा कामावर गेलेली माणसं इथे दगावतात. पर्यटकांना माया आणि मटकासुर हे वाघ माहीत असतात, ही माणसं नसतात.

ताडोबाला १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. राज्यातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्रप्रकल्प झाला. गाभा आणि बफर मिळून त्याचं क्षेत्र सुमारे १७२७ चौरस किलोमीटर आहे. २०२२च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ आढळले, त्यात सर्वांत मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा. एवढे वाघ प्रकल्पाच्या हद्दीत मावत नाहीत. वयात आलेला नर आईचा इलाखा सोडून निघतो आणि मिळेल त्या जंगलपट्ट्यातून चालत राहतो. ब्रह्मपुरीकडचा असाच एक वाघ २०२३मध्ये थेट ओडिशात दिसला. पट्टे जुळवून पाहिल्यावर तो आपल्याकडचाच असल्याचं कळलं.

अशा वाटांवर रेल्वे आडवी येते. बल्लारशाहहून निघणारा दुसरा मार्ग चांदा फोर्ट, नागभीड करत गोंदियाला जातो. तो ताडोबा आणि नवेगाव-नागझिरा या व्याघ्रप्रकल्पांच्या मधल्या जंगलांतून गेला आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये, पारितोषिकाला जेमतेम सहा महिने झाले असताना, चिचपल्ली-जुनोना भागात याच मार्गावर रेल्वेच्या धडकेत वाघाचे तीन बछडे मेले. वाघीण पुढे आणि पिल्लं मागे, अशी ही मंडळी चालतात. आई रूळ ओलांडून गेली तरी पिल्लं घुटमळतात, त्यात वळण असलं तर चालकाच्या हाती काही उरत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. जबलपूर-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण पेंचच्या जंगलात अडलं, वाद न्यायालयात गेला आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी उचलून खालून प्राण्यांसाठी वाट ठेवली गेली. त्या पुलांखालून चितळ, रानकुत्रे आणि वाघही जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. वर ट्रक, खाली वाघ, दोघेही आपापल्या वाटेने.

आता गोंदिया-बल्लारशाह मार्गाची पाळी आहे. २४० किलोमीटरच्या या मार्गाच्या दुहेरीकरणाला एप्रिल २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पूर्व विदर्भाला त्याची गरज आहे, यात शंका नाही. पण रूळ दुप्पट होतील, गाड्या वाढतील, वेगही वाढेल. भुयारी वाटा, कुंपण, रात्रीची वेगमर्यादा हे सगळं आराखड्यातच असावं लागतं. रूळ टाकून झाल्यावर खर्चही वाढतो आणि कोणाला घाईही राहत नाही.

रंगवलेली ती स्थानकं पाहायला वेगळा प्रवास करायची गरज नाही. ताडोबाला निघालेल्यांनी चंद्रपूरला उतरावं. मोहर्ली प्रवेशद्वार तिथून तासाभराच्या आत येतं. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतं. ही दोन्ही स्थानकं अमृत भारत योजनेत आहेत, त्यामुळे त्यांचं रूप बदलत राहील. भिंतींवर वाघ रंगवला म्हणून रेल्वेने पारितोषिक दिलं आणि मिरवलंही. त्याच रेल्वेकडे बल्लारशाहच्या दुसऱ्या मार्गावर वाघासाठी पूल मागायला चंद्रपूरकरांना संकोच वाटायचं कारण नाही.