उभ्या गाडीचा आवाज ओळखताना

मार्च २०२०च्या टाळेबंदीत देशभरातल्या गाड्या दारात उभ्या राहिल्या आणि फेब्रुवारी २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यावर पुन्हा निर्बंध आले. तो काळ सरला, तरी लग्नसराई, दिवाळी किंवा दवाखान्याची निकड आली तरच बाहेर निघणाऱ्या, एमएच-२९ या जिल्ह्याच्या पाटीच्या मोटारी आजही दिसतात. अशी गाडी काढली की कुठून तरी खरखर येते आणि मालक चक्रावतो: चाललीच नाही, तर झिजली कशी? पण उभ्या गाडीतही पाणी, ऊन आणि वजन आपले काम करत असतात. ब्रेकची डिस्क बिडाची असते. पावसाळ्यात तिच्यावर एका रात्रीत गंज धरतो. मे महिन्याच्या उन्हाने रबरी बुश आणि बेल्ट कडक होतात. टायरचा जमिनीला टेकलेला भाग महिनोन्महिने तेच वजन सोसून चपटा होतो. म्हणून अशा गाडीचा आवाज कशासारखा आहे, यावर वाद घालण्याआधी तो कशाबरोबर बदलतो आणि गाडी तापल्यावर राहतो का, हे पाहावे.

याला साधा हिशेब आहे. छोट्या मोटारीच्या टायरचा परीघ साधारण १.८ मीटर असतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर, म्हणजे चाकाच्या साडेपाच फेऱ्या. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला तीसेक फेऱ्या घेत असते. तेव्हा मोकळ्या रस्त्यावर, वेग न बदलता गिअर बदलावा. आवाजाची लय बदलली तर शोध इंजिनाकडे, तीच राहिली तर चाकांकडे. चाकांच्या लयीतली धपधप काही किलोमीटरांत विरली, तर टायरचा चपटा भाग गोल झाला असे समजावे. घुरघुर टिकून राहिली आणि वळणावर कमी-जास्त झाली, तर बेअरिंगवर संशय घ्यावा. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली, तर ॲक्सलच्या सांध्याचे रबर फाटून ग्रीस गेले असण्याची शक्यता मोठी. चालू करताच होणारी टॅपेटची टिकटिक वर तेल पोहोचताच थांबते. एसीचा पंखा लावल्यावरच फडफड होत असेल, तर आधी उंदराचे घरटे शोधावे. घरात कापूस साठवण्याच्या दिवसांत तर हमखास.

‘हे सगळे मेकॅनिक बघेल’ असे कोणी म्हणेल. तो बघेलच, पण उमरखेड किंवा झरी-जामणीहून यवतमाळच्या गॅरेजला पोहोचेपर्यंत टायर गोल झालेला असतो, डिस्कचा गंज घासून गेलेला असतो. आवाज ऐकू न आलेला कारागीर अंदाजाने सुटे भाग बदलतो, आणि तो दोष त्याचा नसतो. दुसरा आक्षेप अधिक रुजलेला: दर रविवारी पाच मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवली की झाले! हा उपाय उलट नुकसान करतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. सायलेन्सर पुरता तापला नाही, तर त्यातले काही आतच साचते आणि पत्रा आतून गंजतो. पुढे खुळखुळ ऐकू येते ती याच गंजाची. चाके फिरत नाहीत, ब्रेक घासत नाहीत, स्टार्टरने बॅटरीतून घेतलेला भारही अनेकदा पुरता भरून निघत नाही. त्यापेक्षा यवतमाळहून कळंबच्या चिंतामणीला जाऊन यावे. तेवढ्या फेऱ्यात इंजिन, सायलेन्सर, टायर सगळे नीट तापतात.

मात्र ‘चालवली की आवाज जातो’ हा नियम ब्रेकला लावू नये. पहिल्या चार-सहा दाबांत गंजाची खरखर गेली पाहिजे. ती राहिली, एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापले, जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर कॅलिपर अडकला असेल किंवा ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरले असेल. अशा वेळी गाडी गॅरेजपर्यंतही हाकू नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा, आणि आवाज कधी सुरू झाला, कशाने वाढला, कधी थांबला, हे कागदावर लिहून त्याच्या हाती द्या.