डिफरन्शियलची तेलगळती : दोष कोणाचा आणि उपाय कोणता

गाडीच्या पोटाखालचे तेल हा वसंतातल्या व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, असे एका स्नेह्याने आम्हांस विचारले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली, ती लोकांना उपयोगी ज्ञान मिळावे म्हणून. ज्या ज्ञानावाचून एखाद्याचा पगार कापला जातो, ते उपयोगी नाही असे आम्हांला तरी म्हणवत नाही.

काही वर्षांपूर्वी कोळगावचा एक जीपचालक आमच्याकडे आला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीचे कामगार पोचवायचे हे त्याचे काम. जीपच्या मागच्या आसात 'लिमिटेड स्लिप' डिफरन्शियल होते. तेल गळून ते कोरडे पडले, आतल्या चकत्या करपल्या, आणि चालकाने हयगय केली असे ठरवून मालकाने खर्चाची रक्कम पगारातून कापायला सुरुवात केली. तो म्हणाला, "दादा, सील दोनदा बदललं, तरी गळतंय. आता मी काय करू?"

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. डिफरन्शियल हा शब्द आम्ही ऐकला होता, वस्तू पाहिली नव्हती. तेव्हा एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली दोन रविवार त्या जीपखाली पडून काढले. पुढे जे सांगत आहोत ते तिथून आणि नंतरच्या वाचनातून आलेले आहे.

वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली तर एक फरफटत जाईल. म्हणून मध्ये दात्यांची अशी योजना असते की इंजिनाचा जोर दोघांना मिळावा, पण गती वेगळी राहावी. यातली खोड अशी की एक चाक चिखलात रुतून मोकळे फिरू लागले की सारी गती त्यालाच जाते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक स्वस्थ उभे राहते. भाताच्या खाचरालगतच्या रस्त्यावर आषाढात गाडी काढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत शर्यतीच्या गाड्यांसाठी यावर तोड निघाली. या जीपमधल्या प्रकारात दोन्ही बाजूंना घर्षणाच्या चकत्या बसवलेल्या असतात, म्हणजे एक चाक उधळू लागले तर चकत्या त्याला आवरतात आणि काही जोर दुसऱ्याकडे जातो. या चकत्या तेलात बुडून काम करतात. तेल गेले की त्या गेल्या.

आता गळती. पहिला नियम असा की तेल दिसते तिथून ते गळत असेलच असे नाही. इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे तेल वाऱ्याने मागे उडून आसावर बसते, आणि बिचाऱ्या डिफरन्शियलवर आळ येतो. डिफरन्शियलच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो; एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेकचे तेल त्याहून पातळ असते आणि त्याला तो वास नसतो. आस डिझेल व ब्रशने स्वच्छ धुवावा, कोरडा पुसावा, संशयाच्या जागी खडूची पूड फासावी आणि गाडी पालघर-बोईसर रस्त्यावर दहापंधरा किलोमीटर फिरवून आणावी. पांढऱ्या पुडीवर पहिला काळा डाग जिथे पडेल तिथे चोर आहे. जोडाचे पॅकिंग, तेल भरण्याच्या व काढण्याच्या बोल्टांचे वायसर, क्वचित कवचाला गेलेला केसासारखा तडा, या जागा अशाच सापडतात. त्यांवरचे उपाय सोपे आहेत. तडा तेवढा जाणत्या वेल्डरकडे न्यावा.

सील बदलण्याआधी मात्र ब्रीदर पाहावा. आमच्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न हाच विचारला होता : "हवेची नळी बघितली का?" आसाच्या वरच्या अंगाला एक लहानसे टोपण किंवा नळी असते, आतल्या हवेला श्वास घेता यावा म्हणून. हवा तीस अंशांवरून नव्वद अंशांपर्यंत तापली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली, तर आतला दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ दोनशे ग्रॅम. सीलची ओठासारखी रबरी कड एवढा दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नसते. ती तेल बाहेर सोडते. तुम्ही नवे सील घालता, तेही सोडते. उलट, तापलेला आस पावसाळी मोरीच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. तेल दुधी दिसले तर ते पाणीच, आणि असे तेल सगळे काढून टाकावे.

त्या जीपची नळी खाचरातल्या मातीने दगडासारखी बुजली होती.

ब्रीदर मोकळा करूनही आसाच्या पुढच्या तोंडाशी तेल येत असेल तर पिनियनचे सील गेले आहे. इथे घाई करणारा मिस्त्री पुढचे मोठे नुकसान करतो. आधी पिनियनचा फ्लँज हाताने हलवून पाहावा. तो खडखडत असेल तर बेअरिंग झिजले आहे, आणि त्यावर नवे सील म्हणजे पडक्या भिंतीला चुना. खडखड नसेल तर नट, दांडा आणि फ्लँज यांवर पंचाने खुणा कराव्यात व नट किती आटे फिरला ते मोजावे. पुष्कळ गाड्यांत बेअरिंगवरचा ताण आतली एक चेपली जाणारी नळी ठरवते; नट मनगटाच्या जोरावर वाटेल तेवढा आवळला की तो ताण बिघडतो. नट जुन्या खुणेवर आणून किंचितच पुढे न्यावा. फ्लँजवरून नख फिरवावे. नख अडकेल अशी खाच असेल तर फ्लँज बदलावा. सीलचा ओठ तेलाकडे असावा, त्याला आधी तेल लावावे आणि सील चारी बाजूंनी सारखे ठोकत बसवावे.

चाकाच्या आतल्या बाजूने तेल येत असेल तर आम्ही गाडी उभी करायला सांगतो. ते तेल ब्रेकच्या ड्रममध्ये जाते, आणि तेल प्यालेला लायनर ऐन वेळी धरत नाही. गाडीत दहा कामगार असतात. असे लायनर भट्टीवर भाजून पुन्हा बसवण्याची चाल आहे, ती साफ सोडावी. दोन्ही चाकांचे लायनर एकदम बदलावेत.

आणखी एक इशारा, हा खास या डिफरन्शियलसाठी. साध्या गाडीत एक चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये फिरवून पाहणारे लोक आहेत. इथे तसे केले तर जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो, गाडी जॅकवरून उडी घेते आणि खाली माणूस असतो. इंजिन चालवून काही पाहायचे असेल तर दोन्ही चाके उचलून पक्क्या घोड्यांवर ठेवावीत.

शेवटी तेल. उत्पादकाच्या पुस्तकात लिहिलेले, चकत्यांसाठीच्या मिश्रणासह असलेलेच भरावे. भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठाशी आले की थांबावे. जास्त तेल हेही गळतीचे कारण असते. साधे तेल भरले तर वळणावर मागून कुरकुर ऐकू येते, तो चकत्या अडखळल्याचा आवाज.

आता त्या चालकाचे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात असे होते की नुकसानीपोटी कपात करायची तर नुकसान कामगाराच्या हयगयीनेच झालेले असले पाहिजे, आणि कपातीआधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही ही तरतूद आहे. आम्ही मातीने बुजलेली नळी आणि गॅरेजची देखभालीची पावती मालकाच्या टेबलावर ठेवली. पावतीत ब्रीदरचा उल्लेख एकदाही नव्हता, आणि सील दोनदा बदलल्याची नोंद मात्र होती. दुसऱ्या महिन्याची कपात थांबली. पहिल्या महिन्याचे पैसे परत मिळायला सात महिने लागले.

जीपमध्ये नव्या चकत्या पडल्या. नवे तेल चकत्यांमध्ये मुरावे म्हणून मिस्त्रींनी चालकाला मोकळ्या मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी हळूहळू फिरवायला लावली. आम्ही शेजारी बसलो होतो. दहाव्या फेरीला मागची कुरकुर थांबली.