विश्लेषण : नोकरी गेली, आजार मात्र कायम; आरोग्य विम्याचे काय?

मोठ्या आजारपणात आधी भरपगारी रजा संपते, मग बिनपगारी रजा सुरू होते आणि काही वेळा शेवटी नोकरीच जाते. नोकरीबरोबर कंपनीने काढलेला गट आरोग्य विमाही संपतो. उपचार चालू असतानाच संरक्षण जाऊ नये यासाठी काय करता येते?

विमा नेमका कधी संपतो?

गट विम्याची पॉलिसी मालकाच्या नावावर असते; कर्मचारी त्यातील केवळ सदस्य असतो. त्यामुळे पॉलिसीचे वर्ष बाकी असले तरी सहसा कामाच्या शेवटच्या दिवशीच सदस्यत्व संपते. पती किंवा पत्नी, मुले आणि आईवडील यांचे संरक्षणही त्याच दिवशी जाते.

बिनपगारी रजेत नाव यादीत राहते का?

सहसा राहते, पण गृहीत धरू नका. अनेक ठिकाणी आईवडिलांचा प्रीमियम पगारातून कापला जातो. पगारच नसेल तर ही कपात थांबते. ती रक्कम वेगळी भरायची का, कधीपर्यंत भरायची, हे एचआर विभागाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

नोकरी सुटल्यावर तोच विमा पुढे चालवता येतो का?

गट पॉलिसी तशीच चालवता येत नाही. मात्र विमा नियामक ‘इर्डाई’च्या नियमांनुसार, गटातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाण्याचा पर्याय असतो. याला ‘मायग्रेशन’ म्हणतात. कंपनी प्रकृतीची माहिती मागवते, प्रीमियम वाढवू शकते आणि अर्ज नाकारूही शकते. म्हणून नाव यादीत असतानाच, म्हणजे शेवटच्या दिवसाआधी अर्ज करणे हिताचे.

मायग्रेशनचा फायदा काय?

नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांची प्रतीक्षा असू शकते. मायग्रेशनमध्ये गट विम्यात काढलेली वर्षे या प्रतीक्षेतून वजा होतात. पण जुन्या विमा रकमेपुरतीच. समजा, गट विमा ३ लाखांचा होता आणि नवी पॉलिसी १० लाखांची घेतली, तर सवलत ३ लाखांना मिळेल. उरलेल्या ७ लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने सुरू होईल. मधुमेह, डायलिसिस किंवा कर्करोगाच्या रुग्णासाठी हा फरक फार मोठा आहे.

प्रीमियम कमी व्हावा म्हणून आजार लपवू नका. पुढे तेच कारण दाखवून दावा नाकारला जाऊ शकतो.

पगार नसताना प्रीमियम कसा भरायचा?

अनेक कंपन्या मासिक किंवा तिमाही हप्ता देतात. हप्ता चुकल्यास मासिक पद्धतीत १५ दिवस, इतर पद्धतींत ३० दिवसांची मुदत मिळते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. म्हणजे २० हजारांच्या प्रीमियमवर पूर्वी २३,६०० रुपये लागत, ते आता २० हजारच लागतात. रक्कम कमी पडत असेल तर विमा पूर्ण सोडण्यापेक्षा लहान रकमेची पॉलिसी घेऊन सातत्य टिकवा. अंतिम हिशेबात मिळणाऱ्या पैशांतून पहिल्या वर्षाचा प्रीमियम आधी बाजूला काढा.

‘ईएसआय’ असलेल्या कामगारांचे काय?

इथे पूर्वी भरलेले योगदान उपयोगी पडते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांचे योगदान जमा असेल, तर त्याचा लाभकाळ पुढील जानेवारी ते जून असतो. ऑक्टोबर ते मार्चच्या योगदानाचा लाभकाळ जुलै ते डिसेंबर. त्यामुळे नोकरी सुटली म्हणून ईएसआय कार्ड लगेच निरुपयोगी समजू नका. शाखा कार्यालयात पात्रता तपासा.

प्रीमियम परवडतच नसेल तर?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. २०२३ च्या निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली. आपला आजार यादीत आहे का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. गोव्यातील रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.

शेवटच्या दिवसाआधी काय हाती घ्यावे?

गट पॉलिसीची प्रत, ई-कार्ड, प्रत्येक वर्षाच्या सदस्यत्वाचा पुरावा आणि आधीच्या दाव्यांचा तपशील. ईमेल खाते बंद झाल्यावर ही कागदपत्रे मिळवणे कठीण जाते. विमा कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. राज्यात मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.