कायद्याच्या मापाची बंदूक

उज्जैनचा एखादा शेतकरी किंवा व्यापारी शस्त्राचा परवाना हाती पडल्यावर बंदुकीच्या दुकानाची पायरी चढतो, तेव्हा त्याची अर्धीअधिक निवड आधीच झालेली असते. कोणती बंदूक घ्यावयाची हे तो ठरवितो. परंतु कोणत्या बंदुका त्याच्यापुढे मांडल्या जाव्यात, हे कायद्याने ठरविलेले असते. छऱ्यांची बंदूक मागितली तर ‘बारा बोअर’ पुढे येते. रायफल मागितली तर माळव्यात बहुधा एकच नाव ऐकू येते : ‘तीनशे पंधरा’. हा आकडा इतका परिचयाचा झाला आहे की, तो कोठून आला असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक त्या आकड्यात आपल्या शस्त्रकायद्याचे सारे मर्म साठविलेले आहे.

रायफलीच्या नळीला आतून पिळदार आटे पाडलेले असतात. त्या नळीच्या पोकळीचा व्यास म्हणजे बोअर. तो इंचाच्या भागांत सांगण्याची इंग्रजी पद्धत आपल्याकडे रुजली. ‘तीनशे पंधरा’ म्हणजे ०.३१५ इंच, अर्थात आठ मिलिमीटर. ज्या ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीने दोन महायुद्धे लढविली आणि जी पुढे कित्येक वर्षे पोलिसांच्या खांद्यावर दिसे, तिचा बोअर ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. दोहोंत अंतर किती, तर साधारण एका पोस्टकार्डाच्या जाडीइतके! तरीही पहिली रायफल सामान्य नागरिकाला जिल्हादंडाधिकाऱ्याच्या परवान्यावर मिळू शकते, आणि दुसरी मात्र ‘प्रतिबंधित बोअर’ या सदरात मोडते. तिच्या परवान्यासाठी थेट केंद्र सरकारची संमती लागते.

हा भेद १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने आणि त्याखालील नियमांनी केलेला आहे. अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. १९६२ च्या नियमांची जागा पुढे २०१६ च्या नियमांनी घेतली, परंतु मूळ तत्त्व कायम राहिले. ज्या रायफलीत सैन्याचे ०.३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे काडतूस बसते व उडते, ती प्रतिबंधित. सैन्याचे ९ मिलिमीटरचे काडतूस ज्यात चालते, ते पिस्तूलही तसेच. यामागील विचार सरळ आहे. सरकारी कोठारातून काडतुसे चोरीस गेली, तरी ती खाजगी बंदुकीत बसता कामा नयेत. येथे कायद्याची नजर बंदुकीपेक्षा काडतुसावर अधिक आहे.

हा विचार स्वतंत्र भारताने नव्याने केलेला नव्हे. तो ब्रिटिश अमदानीतला आहे. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्र परवान्याने बांधले गेले. त्यानंतर १९०७ च्या सुमारास ०.४५० बोअरच्या रायफली व त्यांची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास सरकारने मनाई केली. जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकीचा बोअर तोच होता, आणि शिकारीच्या काडतुसातील गोळ्या काढून त्या बंदुकींत वापरल्या जातील अशी धास्ती होती. परंतु ०.४५० बोअर हा मोठ्या शिकारीसाठी विशेष पसंतीचा होता आणि हिंदुस्थान ही त्या बंदुकांची मोठी पेठ. मग विलायतेतील कारखानदारांनी काय केले? त्यांनी बोअर किंचित वाढविला. कोणी ०.४६५, कोणी ०.४७०, तर कोणी ०.४७५ इंचाची रायफल पुढे आणली. उज्जैन त्या वेळी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते, आणि संस्थानिकांचे दरबार तर शिकारीचे मोठे शौकीन. माल मात्र ब्रिटिश बंदरांतूनच उतरावयाचा. तेव्हा बंदरावरील नियमाला जुळेल तीच रायफल संस्थानांपर्यंत पोहोचे. मनाईने मागणी नाहीशी झाली नाही, तिने फक्त माप बदलले.

‘तीनशे पंधरा’ची कथा हीच आहे. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने या बोअरच्या रायफली हिंदुस्थानच्या बाजारासाठी केल्या. पुढे बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने त्या घडविल्या. तिची यंत्ररचना लष्करी ली-एनफील्डच्याच वळणाची. म्हणजे ठेवण तीच, नळी व काडतूस तेवढे निराळे. ती काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत आली. त्यांच्या बुडावर ‘८ एमएम केएफ’ अशी अक्षरे असतात. ‘केएफ’ म्हणजे किर्की, अर्थात खडकीचा कारखाना. ९ मिलिमीटर प्रतिबंधित, म्हणून कानपूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी ०.३२ बोअरची रिव्हॉल्व्हरे काढली. ईशापूरच्याच ‘थर्टी-नॉट-सिक्स’ रायफलीचा बोअर तर सैन्याच्या ७.६२ मिलिमीटरएवढाच आहे. परंतु तिचे काडतूस लांबीने वेगळे, सैन्याचे काडतूस तिला चालत नाही, म्हणून ती कायद्यात बसते.

अमेरिकेतही हेच निराळ्या स्वरूपात दिसते. तेथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क या राज्यांनी लष्करी धाटणीच्या काही अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली आणि पिस्तुलासारखी मूठ, घडी घालता येणारा दस्ता, अशा खुणांवरून त्या ओळखावयाच्या असे ठरविले. कारखानदारांनी त्या खुणा तेवढ्या गाळल्या आणि ‘त्या राज्यात चालणारी’ रायफल म्हणून तीच बाजारात मांडली. तेथे खुणा मोजल्या जातात, येथे काडतूस मोजले जाते. बाजार मात्र दोन्हीकडे कायद्याच्या मोजपट्टीकडे पाहूनच माल घडवितो.

मग आज शिकार नसता ही मागणी कशासाठी? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचा शौक जवळजवळ संपविला. परंतु पिकांत शिरणाऱ्या रोह्यांचा व रानडुकरांचा त्रास, एकाकी मळ्यावरील वस्ती, रोकड बाळगणारा व्यापार, ही कारणे उरलीच. स्वतःची परवान्याची बंदूक असलेल्या माणसाला पहारेकऱ्याची नोकरी लवकर मिळते, हेही एक कारण. त्यातच प्रतिष्ठेची हौस मिसळते. चंबळच्या खोऱ्यात ती विशेष, पण माळवाही तिच्यापासून अलिप्त नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली. ज्यांच्या घरी वाडवडिलांची बारा बोअर होती, त्यांतील काहींपुढे कोणती ठेवावी आणि कोणती जमा करावी, असा पेच उभा राहिला.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘अप्रतिबंधित’ म्हणजे ‘कमी घातक’ असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच नाही. बारा बोअरचे छरे चाळीस-पन्नास यार्डांपलीकडे निष्प्रभ होऊ लागतात. उलट ‘तीनशे पंधरा’ची गोळी एका किलोमीटरपलीकडेही प्राण घेऊ शकते. वरातीत हौसेने आकाशाकडे झाडलेली गोळी कोणाच्या अंगणात उतरेल, याचा नेम नाही. म्हणूनच २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेपर्वा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. दुसरी गोष्ट अधिक चिंतेची. नागरिकांसाठी राखलेले काडतूस बाजारात आले, तशी चोरून कट्टे बनविणाऱ्यांनीही आपल्या नळ्या त्याच काडतुसाच्या मापाच्या केल्या. सैन्याचे काडतूस खाजगी हातांपासून दूर ठेवण्यात कायदा पुष्कळ यशस्वी झाला; परंतु खाजगी काडतूस गुन्हेगाराच्या हातापासून दूर ठेवणे, हे बोअरच्या आकड्याने साधणारे काम नव्हे.

ते काम काडतुसांच्या हिशेबाने साधते. परवान्यावर किती काडतुसे बाळगता येतील ते लिहिलेले असते आणि विक्रेत्याच्या वहीत प्रत्येक विक्रीची नोंद होते. ती नोंद चोख असेल, रिकाम्या टोप्यांचा हिशेब लागत असेल आणि घरातील बंदूक कुलपाआड राहत असेल, तरच परवान्यामागचा हेतू सिद्धीस जातो. उज्जैनच्या दुकानात ‘तीनशे पंधरा’ खांद्याला लावून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती कायद्याने सैन्याहून वेगळे काडतूस दिले आहे, एवढेच. ते कोठे व कोणावर उडेल, याची जबाबदारी त्याच्याच खांद्यावर राहते.